इंजिन मंगळवारात, डबे भाद्रपदात

इंग्लंड-अमेरिकेत जुन्या वस्तूंचे मॉल असतात. बंद पडलेली गिरणी नाहीतर ओस पडलेलं मोठं दुकान घ्यायचं, आत लाकडी पार्टिशनं घालून गाळे पाडायचे, एकेक गाळा एकेका विक्रेत्याला भाड्याने द्यायचा आणि गल्ला मात्र दाराशी एकच ठेवायचा, अशी ही सोय. विक्रेता तिथे नसतोच. चिठ्ठीवर किंमत लिहून तो घरी निवांत झोपलेला असतो. खेळण्यातल्या जुन्या रेल्वे शोधत अशा मॉलांतून हिंडणाऱ्यांची तिकडे एक जमातच आहे, आणि त्यांना रेल्वे सापडतातही. कारण सरळ आहे. जर्मनीच्या मेर्कलिनने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रूळ-इंजिनांचा संच मांडला, न्यूयॉर्कची लायोनेल कंपनी १९०० साली निघाली, लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९२० पासून रेल्वेचे संच विकायला काढले. इतक्या पिढ्यांच्या पोरांनी इतकी इंजिनं फिरवली, की ती पोरं म्हातारी होऊन घरं रिकामी झाल्यावर माल बाहेर पडणारच. पुण्यात मॉलना तोटा नाही, पण त्यांत सगळं नवं. जुन्यासाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार, तोही बुधवारी आणि रविवारीच. तिथे रेल्वे शोधायला गेलेला माणूस बहुधा हात हलवत परत येतो आणि ‘पुण्यात असलं काही नसतंच’ असा निकाल देऊन मोकळा होतो. हा निकाल मला मान्य नाही. रेल्वे पुण्यात आहे. मात्र ती बाजारात अख्खी येत नाही, आणि जिथे अख्खी असते तिथे ती विकायला नसते.

यावर पहिला आक्षेप असा, की मुळात पुण्यात या रेल्वे आल्याच कुठून? आक्षेपात दम आहे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि चैनीच्या वस्तूंची आयात जवळजवळ बंद झाली. ग्राहकोपयोगी मालावरचे शेवटचे परिमाणात्मक निर्बंध उठायला १ एप्रिल २००१ उजाडावं लागलं. मधल्या काळात जर्मन इंजिन पुण्यात यायचं ते जर्मनीहून परतणाऱ्या मामाच्या बॅगेतून, लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळून, आणि विमानतळावरच्या कस्टमवाल्याला ‘मुलाचं खेळणं आहे हो’ असं सांगून. पण बॅगेतून आलं म्हणून कमी आलं असं कुणी समजू नये. पुण्याइतके परदेशी जाऊन परत आलेले मामा महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या शहरात असतील असं वाटत नाही. शिवाय छोट्या रेल्वेचं वेड या गावाला जुनंच आहे. पेशवे उद्यानातली फुलराणी १९५६ पासून पोरांना बोगद्यातून नेऊन आणते, आणि बोगद्यात ओरडायचं असतं हे पुण्याच्या मुलाला बाराखडीच्या आधी कळतं. कोथरूडला कर्वे रस्त्याच्या बाजूला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि बनवलेल्या रेल्वेंचं हे अख्खं शहर १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. त्यात महामार्ग आहे, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, गाडीत बसून सिनेमा बघायची सोय आहे. दिवे मंदावून रात्र करतात आणि सिग्नल बघून गाड्या थांबतात. खऱ्या कर्वे रस्त्यावर यातलं शेवटचं अजून व्हायचं आहे. अशा गावात इंजिनं नव्हती असं म्हणणं टिकत नाही.

तर मग ती जुन्या बाजारात का दिसत नाहीत? कारण बघणारा रेल्वे शोधत असतो आणि बाजाराला रेल्वे ही वस्तूच ठाऊक नसते. परदेशी मॉलमध्ये माल आठवणींप्रमाणे लावतात: हे बालपण, हे युद्ध, हे आजीचं स्वयंपाकघर. जुना बाजार माल लावतो तो कशाचा बनला आहे यावरून, आणि त्याहून जास्त, कोण विकत घेईल यावरून. एखाद्या बंगल्याची आवराआवर झाली आणि खोक्यातला संच भंगारवाल्याच्या हातगाडीवर आला, की त्या क्षणापासून त्याचं संचपण संपतं. ट्रान्सफॉर्मरला तांब्याची तार असते, म्हणून तो जळक्या मिक्सरांच्या आणि पंख्यांच्या मोटारींच्या ढिगात जातो. रूळ जातात बिजागऱ्या, कडीकोयंडे आणि पडद्याच्या सळ्यांकडे. सिग्नलचा खांब टेबललॅम्पवाल्याकडे उभा राहून कुणी बल्ब बसवतोय का याची वाट बघतो. स्टेशनची पत्र्याची इमारत पैसे टाकायची पेटी म्हणून विकली जाते, कारण छपराला धुराड्याची फट असतेच. पुठ्ठ्याचं खोकं, ज्यासाठी लंडनचा संग्राहक इंजिनाइतकेच पैसे मोजेल, ते रद्दीत. राहिलं इंजिन. त्याला चाकं आहेत म्हणून ते मोडक्या मोटारी आणि एका हाताच्या बाहुल्यांच्या शेजारी चादरीवर पडतं, आणि डबे इंजिनापासून तुटले की त्यांना कुणी डबे म्हणत नाही. त्यांत स्क्रू ठेवतात. एकाच संचाची सात अपत्यं एकाच रस्त्यावर सात गाळ्यांत नांदत असतात आणि एकमेकांना ओळखही देत नाहीत. खऱ्या रेल्वेचे रूळ तिथून फार दूर नाहीत. गाडीचा भोंगा बाजारात ऐकू येतो, आणि ज्याला हे सगळं माहीत आहे त्याला तो जरा टोमण्यासारखा वाटतो.

म्हणून शोधणाऱ्याने डोळे बदलून जायला हवं. इंजिन दिसलं की धुराड्याकडे बघू नये, ते पालथं करावं. पोटाखाली ‘मेड इन इंग्लंड’ आणि लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचं नाव आहे का बघावं. चाकांच्या मधोमध पट्टीसारखी लांब घसरपट्टी असेल तर ते बहुधा मेर्कलिन: त्याला मधल्या तिसऱ्या वाटेने वीज लागते आणि तीही उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी. हॉर्नबीच्या ‘डब्लो’ गाड्यांनाही १९५९ पर्यंत तिसरा रूळ लागायचा, पण वीज डीसी. दोन्ही एकमेकांच्या रुळांवर बसतात, आणि तिथे त्यांचं सौख्य संपतं. दोन डब्यांना जोडणारी आकडी बघावी. ती कंपनीगणिक वेगळी, आणि एका कंपनीची दुसरीत बहुधा अडकत नाही. पत्र्याचा जुना डबा असेल तर खिडक्यांवर छापलेले उतारू बघावेत. टोपीवाला गृहस्थ, वर्तमानपत्र वाचणारी बाई, आणि त्यांच्या नाकाडोळ्यांवरून उतरत आलेला गंजाचा ओघळ. तो नखाने खरवडू नये, उतारूचं नाक निघून येतं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जस्ताच्या ओतीव भागांना एक रोग असतो: धातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर तो आतून फुगतो, तडकतो आणि हातात भुगा होतो. असं इंजिन विकणारा ‘वजनदार माल आहे, साहेब’ म्हणून तळहातावर नाचवून दाखवतो. एवढ्यात ते विकलं जावं अशी त्याची घाई समजण्यासारखी आहे.

चावीवर चालणारं इंजिन असेल तर चावी नसते. हा नियम आहे, त्याला अपवाद ऐकिवात नाही. इंजिन मुलाकडून मुलाकडे जातं, चावी कपाटामागे जाते. पण इथे जुन्या बाजाराची हीच वर्गवारी कामाला येते. कुलपं-किल्ल्या विकणाऱ्याच्या पोत्यात घड्याळाच्या, पेटीच्या, हार्मोनियमच्या कप्प्याच्या, शिवणयंत्राच्या पेटाऱ्याच्या अशा हजार अनाथ किल्ल्या असतात, आणि त्यांत चौकोनी भोकाची, फुलपाखरासारख्या पंखांची एखादी असतेच. ती कशाची हे विकणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून ती स्वस्त. विजेच्या इंजिनाचं जरा अवघड. अमेरिकन लायोनेलचा ट्रान्सफॉर्मर एकशेवीस व्होल्टचा, पुण्याची वीज दोनशेतीस व्होल्टची. बाजारात विचारलं, ‘चालू आहे का?’ तर उत्तर ठरलेलं: ‘एकदम चालू. घरी जाऊन लावून बघा.’ घरी जाऊन लावलं की वाफेच्या इंजिनाची ती प्रतिकृती आयुष्यात पहिल्यांदा खरोखरचा धूर सोडते, मात्र इंजिनातून नव्हे, ट्रान्सफॉर्मरमधून.

आता दुसरा आक्षेप, आणि हा अस्सल पुणेरी आहे. पुणेकर घरात काही ठेवतो कुठे? रद्दी तो सुतळीने बांधून, आधी घरच्या काट्यावर तोलून, मगच रद्दीवाल्याला बोलावतो. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून विकतो. असा माणूस इंजिन माळ्यावर ठेवेल आणि विकणार नाही, हे पटत नाही. मला वाटतं, या आक्षेपाचं उत्तर आक्षेपातच आहे. रद्दीला भाव असतो. तो दुकानाबाहेर पाटीवर लिहिलेला असतो, शेजारच्या गल्लीतल्या भावाशी ताडून बघता येतो, आणि आपण फसलो नाही या समाधानाने माणूस जेवायला बसू शकतो. रेल्वेच्या इंजिनाला पुण्यात भाव नाही. इंग्लंडमध्ये संग्राहकांच्या संघटना आहेत, किमतींची पुस्तकं निघतात, लिलाव होतात. म्हातारीलाही माहीत असतं की खोक्यासह असेल तर इतके, खोकं नसेल तर तितके. इथे विकणाऱ्याला वाटतं, हा माणूस एवढा वाकून बघतोय म्हणजे लाखाचं असणार. घेणाऱ्याला वाटतं, चादरीवर पडलंय म्हणजे पन्नासाचं असणार. दोघंही आपापल्या जागी फसायला तयार नाहीत. अशा वस्तूचे पुण्यात दोनच मार्ग उरतात: धातू म्हणून वजनावर जाणं किंवा ‘असू दे, कधी लागलं तर’ म्हणून माळ्यावर जाणं. पुणेकर विकत नाही तो प्रेमापोटी नाही, हे मी मान्य करतो. पण फसवले जाण्याच्या भीतीने जितक्या जुन्या वस्तू या गावात टिकल्या आहेत, तितक्या प्रेमाने टिकल्या नसत्या.

भाव कुणीतरी पहिल्यांदा मोजावा लागतो, तेव्हा तो तयार होतो. याचं उत्तम उदाहरण शुक्रवार पेठेत आहे. दिनकर केळकर गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, पाय घासायच्या वज्री जमवत होते, तेव्हा या वस्तूंना मोडीचा भाव होता. अडकित्त्याला हौसेचे पैसे देणारा एक माणूस आहे हे कळल्यावर अडकित्ता मोडीतून वाचला. आज त्यांच्या संग्रहालयात वीस हजारांच्या वर वस्तू आहेत. रेल्वेच्या वाट्याला मात्र असं गिऱ्हाईक आलं नाही. कोथरूडच्या जोशींचं मन जुनं इंजिन काचेत ठेवण्यापेक्षा ते धावतं करण्यात; धावत्या गाडीला बाजारभाव चिकटत नाही. तेव्हा शोधणाऱ्याने इतर ठिकाणांहून फार आशा ठेवू नये. तुळशीबागेत पितळेची भातुकली मिळते, बोटभर बंब आणि नखाएवढी खलबत्त्याची जोडी, कारागिरी अशी की मेर्कलिनने शिकवणी लावावी. पण रेल्वे विचारली तर प्लॅस्टिकची, शिट्टीसकट, सेल वेगळे. बोहरी आळीत इंजिन सोडून इंजिनाला लागणारं सगळं मिळतं. कॅम्पातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत वातावरण आशादायक असतं, झुलत्या खुर्चीवर बसून मालक ‘अँटिक’ हा शब्द इतक्या जपून उच्चारतो की किंमत ऐकण्याआधीच आपण उभे राहतो. उरला मुंबईचा चोरबाजार. तिथल्या मटन स्ट्रीटवर लोकांना खरोखरच कळतं, म्हणून तिथे परवडत नाही. वीतभर गाडीसाठी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायची, डायनिंग कारमधलं ऑम्लेट खायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने मोकळ्या हातांनी यायचं. १ जून १९३० पासून ही गाडी पुणेकरांना मुंबईहून असंच परत आणते आहे. ऑम्लेट वाया जात नाही, एवढं तिच्या बाजूने नोंदवायला हवं.

तरुण मंडळी म्हणतील, हे सगळं कशाला, मोबाइलवर लिलावात बोली लावा, जर्मनीहून घरपोच येईल. येईल, पण खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ झालं आणि २०२३ साली सत्तर. म्हणजे इंजिन जर्मनीचं, भाडं टपालाचं आणि त्यावर डबे सरकारचे. शिवाय इंजिन घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे शेजारचे काका. त्यांना काही विकत घ्यायचं नसतं, म्हणून त्यांचं ज्ञान निर्लेप असतं. ते सांगतात, की भारताची ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची आणि युरोपची १४३५ ची. तुमचं इंजिन सत्त्याऐंशीपट लहान, म्हणजे आपल्याकडचे रूळ त्या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटर रुंद हवेत, आणि तुमचे तर साडेसोळाच आहेत. पावणेतीन मिलिमीटरने तुमचं पुणे स्टेशन खोटं. गणित बिनचूक आहे. त्याच रुळांवर भारतीय गाडी मापात बसवायची तर ती एकशेएकपटीहून थोडी जास्त लहान करावी लागते, आणि त्या मापाची गाडी तुमची तुम्हीच घरी करायची. पण हा आक्षेप घेणाऱ्यांच्याच घरात गणपतीच्या आराशीत उंदीर सिंहापेक्षा मोठा असतो आणि त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही, हेही नोंदवलं पाहिजे.

आणि आराशीवरूनच मूळ मुद्द्याची सगळ्यात भक्कम साक्ष काढता येते. पुणेकराला लहान जग उभं करायची हौस दांडगी. दिवाळीत सोसायटीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला होतो, त्याला बुरूज, विहीर, अळीवाचं शेत. तटावर मावळे आणि खाली, शिवकालाशी कुणी वाद घालायच्या आत, बोगद्यातून निघालेली आगगाडी. युरोपातला हौशी माणूस आयुष्यभर एकच डोंगर रंगवतो. इथे डोंगर दरवर्षी नवा आणि तुळशीच्या लग्नानंतर त्याची माती परत कुंडीत. म्हणून मागे विकायला काही उरतच नाही. आगगाडीचा मोठा हंगाम मात्र भाद्रपदात. गौरी येणार म्हटलं की माळ्यावरून खोकं उतरतं, फडक्याने पुसलं जातं, आणि फराळाच्या ताटांभोवती, करंज्या आणि कडबोळी डाव्या हाताला ठेवून, मामाची जर्मन गाडी फिरू लागते. वर्षात तीन दिवस. आवाहन, पूजन, विसर्जन, की पुन्हा खोक्यात. अशा कामावर असलेल्या गाडीला कुणी जुनी वस्तू म्हणत नाही आणि ज्याला जुनं म्हटलं नाही ते जुन्या बाजारात जात नाही. ज्याने ऐन बाजारात सात गाळ्यांवर सात तुकडे ओळखले, त्याने इथे येऊन ते सातही एकत्र, चालू स्थितीत, उदबत्तीच्या धुरात बघावेत. अडचण एवढीच, की पूजनाच्या संध्याकाळी हळदीकुंकू असतं आणि पुरुषांना आमंत्रण नसतं. दारात चपलांच्या ढिगाशी उभं राहून, कोणाला तरी घ्यायला आल्याचा आव आणून, इंजिनाचं पोट बघता येत नाही.

मग विकत मागायची तरी कशी? गौरीसमोर ‘देणार का?’ असं विचारणाऱ्याला घरातली बाई शांतपणे विचारते, ‘पुढच्या वर्षी काय मांडू मग?’ आणि याला व्यापारशास्त्रात उत्तर नाही. रास्त मार्ग एकच दिसतो. गाडी चावीवरची असली तर तिची चावी घरात नसते. गेली कित्येक वर्षं ती बोटाने ढकलली जाते, किंवा चिमट्याने पिळली जाते. ज्याने बुधवारी पोत्यात हात घालून ती फुलपाखरी चावी काढली, तो त्या घरात मान राखून शिरू शकतो. इंजिन पालथं करायला मिळतं, कंपनीचं नाव वाचता येतं, स्प्रिंग भरायला मिळते, चहा मिळतो. गाडी मिळत नाही. चावीचे किती दिले हे मात्र नक्की विचारतात, आणि दहा रुपये असं खरं सांगितलं तर आजोबा गाडीवरची नजर न काढता म्हणतात, “फसवलं तुम्हाला. पाचाला दिली असती.”